जावेची वेबसाइट उघडली, माही नाही

मैत्रिणींनो, आज लय जळली मी.

आमच्या भाजीचे भाव दाखवाले मी घरच्याच जुन्या लॅपटॉपवर वेबसाइट ठेवली. घरात उघडे, बाहेर नाही. राउटरमंदी पोर्ट, म्हंजे बाहेरून आत याची वाट, उघडून पाह्यला, तरी नाही. आन् किन्हीराजा गावात राह्यनाऱ्या माह्या धाकट्या जावेची तशीच वेबसाइट आज नवऱ्यानं वाशीमच्या बाजारात मोबाइलवर उघडली! वरून घरी येऊन तिचंच कौतुक.

शेवटी तिलेच फोन लावला.

"ताई, राउटर बरोबर हाय. नेटवाल्यानं इंटरनेटचा एकच पत्ता साऱ्या गिऱ्हाइकाइले वाटला, म्हून बाहेरून तुमचा लॅपटॉप सापडत नाही. तुमी सोताचा वेगळा मांगा."

नेटवाल्याले मांगतला. संध्याकाळी वेबसाइट बाहेरूनबी उघडली. पह्यला फोन तिचाच, "दिसली वो ताई!" माह्याहून तिलेच जास्त आनंद.

मी हासली, पण पोटातली आग काही इझली नाही. जिनं मदत केली, तिच्यावरच तुमीबी अशा जळता का वो?