गाळलेल्या जागा भरा

आमच्या गावच्या टॉकीजमध्ये सिनेमा सुरू होण्याआधी पडद्यावर सरकारी प्रमाणपत्र दिसायचं, त्यालाही टाळ्या पडत. किती रिळं आहेत ते त्यावर लिहिलेलं असे. पुढच्या रांगेतला कोणीतरी तो आकडा मोठ्यानं वाचायचा आणि रिळं जास्त निघाली की पिक्चर न पाहताच लोक समाधानी व्हायचे. 'ए' असेल तर पुरुष एकटे येत, 'यू' असेल तर बायकामुलांना आणत. 'यूए'चा अर्थ मात्र कोणाला ठाऊक नव्हता. लहान मुलांनी हा सिनेमा आईबापांच्या मार्गदर्शनाखाली पाहावा असा तो अर्थ, हे मी एकदा टॉकीजवाल्या चाचांना सांगितलं. ते म्हणाले, "गुरुजी, इथं पोट्टंच बापाले सांगते का आता हीरोचा भाऊ मरनार हाये. मार्गदर्शन कोन कोनाले करून राह्यलं?"

चाचांचे वडील तंबूतला सिनेमा घेऊन झरी जामणीकडच्या बाजारांतून फिरत. चाचांनी आमच्या गावात पत्र्याची पक्की टॉकीज बांधली. पडद्याच्या मागच्या भिंतीला लागूनच त्यांचं घर होतं. पडद्यावर मारामारी सुरू झाली की त्यांच्या स्वयंपाकघरातली भांडी वाजायची. टॉकीजमध्ये जे होईल ते घरात ऐकू जाईल, अशी ती रचना होती. तेव्हा ती सोयीची वाटत होती.

मी शाळेत मराठी शिकवत असे. कापसाची ती वाईट वर्षं होती. खरेदी केंद्रासमोर बैलगाड्यांची रांग पार पांढरकवड्याच्या रस्त्यापर्यंत जायची. कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर आला तर काटा सुरू व्हायचा, नाही आला तर गाड्या तिथंच उभ्या. मग एकानं सगळ्यांचे बैल राखायचे आणि बाकीच्यांनी तीनचा शो पाहायचा, असा प्रघात पडला होता. सकाळपासून उन्हात थांबलेली, कोणावर चिडावं हे न कळलेली माणसं त्या अंधारात येऊन बसत. पूर्वी ती माणसं विनोदाला हसायची. त्या वर्षी ती विनोदाच्या आधीच हसायला लागली होती. हा फरक माझ्या लक्षात आला, पण त्याचं काय करायचं ते मला कळलं नाही.

त्या हंगामात एक हिंदी पिक्चर लागला. त्यात हीरो एका ढेरपोट्या सावकाराला 'गोबरगणेश' म्हणतो. आमच्या भागात हा शब्द घराघरात आहे. चहाची वाट पाहत बसलेल्या नवऱ्याला बायको म्हणते, "गोबरगणेशावानी काहून बसले? उठा." मीही तो ऐकला आहे, आणि उठलोही आहे. पण तिसऱ्याच दिवशी अध्यक्षाच्या भावना दुखावल्या.

अध्यक्ष कशाचा, हे विचारायची सोय नव्हती. गणेशोत्सवात तो मंडळाचा अध्यक्ष असे, उन्हाळ्यात क्रिकेटच्या सामन्यांचा, आणि मधल्या काळात नुसताच अध्यक्ष. त्याच्या वडिलांचं बी-बियाणं आणि फवारणीच्या औषधांचं कृषी केंद्र होतं. तो माझा विद्यार्थी. वाईट मुलगा नव्हता. फक्त त्याला कोणी खाली बसायला सांगितलं नव्हतं.

ठाणेदारांनी शांतता समितीची बैठक बोलावली. ही समिती एरवी गणपती आणि मोहरमच्या आधी बसायची, चहा प्यायची आणि गाव शांत आहे असा ठराव करून उठायची. त्या दिवशी चहासोबत बिस्किटंही आली, तेव्हाच मामला गंभीर आहे हे मी ओळखलं. मला भाषेचा जाणकार म्हणून बोलावलं होतं. चाचा कोपऱ्यातल्या खुर्चीवर टोपी गुडघ्यावर ठेवून बसले होते.

ठाणेदार साताऱ्याकडचे. म्हणाले, "सेन्सॉरनं पास केलंय ना? मग आपण कोण?"

"सेन्सॉर मुंबईत बसते, साहेब," अध्यक्ष म्हणाला. "इथल्या भावना इथं दुखते."

"मग तुमची मागणी काय?"

"देवाचं नाव शिवीत आलं का पिक्चरले 'ए'च सर्टिफिकेट पायजे. हे 'यूए' हाये. लेकराइच्या कानावर जाऊन राह्यलं."

ठाणेदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "लेकरांच्या कानावर ते घरीच गेलेलं असतं. यालाच मी नववीत किती वेळा म्हणालो असेन."

"तुमी प्रेमानं म्हनत होते, गुरुजी."

"हीरो काय वैरानं म्हणतो? शब्दाचा अर्थ बावळट, इतकाच आहे. त्यात गणपतीचा अपमान शोधायचा तर आधी आपल्या बायकांना नोटीस काढावी लागेल."

दोघंतिघं हसले. अध्यक्ष हसला नाही. मला वाटलं, थोडं समजावून सांगावं. मी म्हणालो की प्रमाणपत्रानं सांगावं, झाकू नये. तुमच्या दुकानातल्या बाटलीवर लाल त्रिकोण असतो, म्हणजे आत जहर आहे. तो त्रिकोण पाहून घ्यायचं की नाही ते घेणाऱ्यानं ठरवायचं. त्रिकोण मोठा केला म्हणून आतलं बदलत नाही. आणि ती बाटली विकताना तुम्ही कधी कोणाचं वय विचारलंय का?

"थे औषध हाये, गुरुजी," अध्यक्ष शांतपणे म्हणाला.

आणि तो बरोबर बोलत होता. आमच्याकडे कोणी फवारणीचं विष पिऊन मेला तर 'औषध घेतलं' असंच म्हणतात. बायको म्हणते, डॉक्टर म्हणतो, पोलीसही म्हणतात. त्याच आठवड्यात मारेगावच्या बाजूच्या दोघांनी औषध घेतलं होतं. त्यासाठी समिती बसली नव्हती, कारण त्यात आक्षेपार्ह शब्द कुठलाच नव्हता.

मी पुन्हा मूळ मुद्द्यावर यायला गेलो, तेवढ्यात अध्यक्ष म्हणाला, "शब्दाचं जाऊ द्या. दाखवून कोन राह्यलं, थे पाहा."

कोणी चाचांकडे पाहिलं नाही, म्हणजे सगळ्यांना कळलं. इतका वेळ आम्ही ज्या गोष्टीवर बोलत होतो ती ही नव्हतीच.

चाचा उठून उभे राहिले. "साहेब, पिक्चर नागपूरवरून येते. म्या त्यात काई टाकत नाई. तुमी म्हनसान तं उद्या काढून टाकतो."

"काढायचं कशाला?" ठाणेदार म्हणाले. त्यांना तोडगा सुचला होता, आणि तोडगा सुचलेल्या अधिकाऱ्याला थांबवणं कठीण. "तो शब्द आला की तेवढा वेळ आवाज बंद करायचा. पिक्चरही चालेल, भावनाही राहतील. काय अध्यक्ष?"

टाळ्या पडल्या. चाचांनीही टोपी डोक्यावर ठेवून टाळ्या वाजवल्या. बाहेर आल्यावर मी त्यांना म्हणालो, सुटलात. ते म्हणाले, "गुरुजी, आतापर्यंत पिक्चरमंदी कोन काय बोलते थे बोलनाऱ्याच्या अंगावर होतं. आता माह्या हातावर आलं."

ऑपरेटरवर विसंबायला ते तयार नव्हते. स्वतः केबिनमध्ये जाऊन आवाजाच्या बटणाशी उभे राहू लागले. पहिल्या दिवशी हीरोचे ओठ हलले आणि आवाज गेला, तेव्हा लोकांना वाटलं मशीन बिघडलं. "आवाज! ओ चाचा, आवाज!" करून शिट्ट्या पडल्या. दुसऱ्या दिवशी मात्र बातमी गाड्यांच्या रांगेत पोहोचली होती. हीरोनं तोंड उघडलं, आवाज गेला आणि अख्ख्या टॉकीजनं एका सुरात 'गोबरगणेश' म्हणून ती जागा भरली. सगळ्यात मोठ्यानं ओरडत होती अध्यक्षाच्याच मंडळाची पोरं.

वर्गात शिकवणाऱ्याला याचं नवल वाटायचं कारण नव्हतं. वाक्य पूर्ण लिहून दिलं तर मुलं जांभया देतात. त्यातला एक शब्द काढून तिथं रेघ मारली की मागच्या बाकावरचाही हात वर येतो. आणि प्रत्येक वर्गात एकजण असा असतोच, की जो मुद्दाम भलताच शब्द भरतो. मी त्या एकाची वाट पाहू लागलो.

रविवारी तीनच्या शोला मी बायकोसोबत गेलो. तिला पिक्चर पाहायचा होता, मला लोक. टॉकीज गच्च भरली होती. पडद्यावरची वाक्यं कोणी ऐकत नव्हतं. सगळे त्या प्रसंगाकडे सरकत होते, जत्रेत रथाकडे सरकतात तसे. खुर्च्या करकरायच्या थांबल्या. माझ्या पुढचा माणूस तर आधीच तोंड उघडून बसला होता. आवाज गेला. लोक 'गोबरगणेश' म्हणाले, हसले, आणि ते हसू ओसरत असताना, मागून, अगदी स्वच्छ उच्चारात, एका माणसानं दुसराच शब्द टाकला.

तो शब्द मी इथं लिहीत नाही. तो चाचांच्या समाजासाठी होता, एवढं पुरे.

क्षणभर कोणीच हसलं नाही. मग काहीजण हसले. मग, न हसणं म्हणजे वेगळं पडणं होईल असं वाटून, आणखी काहीजण हसले. बाल्कनीतून कोणीतरी त्या शब्दाला उत्तर दिलं. ते उत्तर कोणाच्या तरी देवाबद्दल होतं. खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. बायकोनं माझं मनगट धरलं. पडद्यावर हीरो नाचत होता, आणि पडद्यामागे, भिंतीपलीकडे, कोणीतरी दार आतून लावून घेतल्याचा आवाज मी ऐकला.

दिवे लागले. चाचांनी शो थांबवला होता. उजेडात सगळे एकमेकांच्या ओळखीचे निघाले, म्हणून त्या दिवशी काही झालं नाही. लोक चपला शोधत बाहेर पडले. तो शब्द कोणी टाकला हे शेजारी बसलेल्यांना माहीत असणारच. पण कोणी विचारलं नाही. अध्यक्ष तिथं नव्हता, आणि त्यानं नंतर शपथेवर सांगितलं की त्याचा माणूस नव्हता. मला ते खरंच वाटतं. तेवढ्यानं बरं मात्र वाटत नाही.

समिती पुन्हा बसली. ठाणेदारांनी पिक्चर बदलायला सांगितलं, तो बदलला. ठरलं की यापुढे प्रत्येक पिक्चर समितीनं आधी पाहायचा. मी विचारलं, तो दुसरा शब्द तर कुठल्याच पिक्चरमध्ये नव्हता, त्याचं काय? अध्यक्ष म्हणाला, "थो पब्लिकचा होता. पब्लिकले कोन सेन्सॉर करनार, गुरुजी?" हे वाक्य इतकं शहाणपणाचं होतं की ते ठरावात घालावं अशी एका सभासदानं सूचना केली.

आमच्याकडे ठिकाणांना सरकारी नावं चिकटत नाहीत. जिथं एकदा ट्रक उलटला ते उलट्या ट्रकचं वळण. जिथला हातपंप एकदाही चालला नाही तो मुका पंप. चाचांची टॉकीज इतकी वर्षं 'चाचाची टॉकीज' होती. तो रविवार झाल्यावर स्टँडवरच्या एका ऑटोवाल्यानं गमतीनं तिला त्या दुसऱ्या शब्दाची टॉकीज म्हटलं. मग दुसऱ्यानं म्हटलं. नाव आखूड होतं, ओरडायला सोपं होतं. पिक्चर गेला, पण शब्द स्टँडवर उभा राहिला. कोणाच्या मनात वैर नव्हतं. सीट भरायच्या होत्या, एवढंच.

महिनाभरानं मी चाचांकडे बसलो असताना झरीकडच्या एका गावातून एक म्हातारा आला. त्यानं चाचांच्या वडिलांचा तंबू पाहिलेला. चाचांसाठी तो फडक्यात बांधून मोहाची फुलं घेऊन आला होता. त्याला तो शब्द नवा होता, अर्थही ठाऊक नव्हता. पाणी पिऊन तो कौतुकानं म्हणाला, "चाचा, तुयं नाव लय झालं बापा! म्या स्टँडवर चाचाची टॉकीज म्हनलं तं कोनाले समजेना. मंग थ्या पोट्ट्यानं सांगितलं, असं म्हना." आणि त्यानं तो शब्द उच्चारला. "म्हनलं, तं बरोबर दारात आनून सोडलं."

चाचांनी त्याला दोन वेळा चहा पाजला. जेवायला थांबवलं. तो गेल्यावर फुलांचं फडकं सोडलं, पुन्हा बांधलं, आणि मला म्हणाले, "ज्यानं थेटरात म्हटलं, त्याले म्या ओळखतो. त्याचं काई नाई. पन ह्या मानसानं प्रेमानं म्हटलं, गुरुजी. आता कोनाशी भांडू?"

त्यांनी टॉकीज बंद करायची ठरवली. ठाणेदार, अध्यक्ष आणि आम्ही दोघंतिघं त्यांना समजवायला गेलो. अध्यक्ष खरोखर कासावीस झाला होता. टॉकीज नसलेल्या गावाचा अध्यक्ष म्हणजे काय, हे त्याच्या ध्यानात आलं असावं.

"चाचा, तुमाले कोनी जा म्हटलं का?" तो म्हणाला. "नाव सांगा फकस्त."

"कोनीच नाई म्हटलं, बेटा," चाचा म्हणाले. "म्हनूनच चाललो. म्हटलं असतं तं थांबलो असतो."

ते आदिलाबादला मुलीकडे गेले. टॉकीज एका जिनिंगवाल्यानं भाड्यानं घेतली आणि तिथं कापसाच्या गाठी ठेवल्या. समिती बरखास्त झाली नाही. पाहायला पिक्चर उरला नव्हता, म्हणून तिनं नाटकं, ऑर्केस्ट्रा आणि शाळेच्या गॅदरिंगकडे लक्ष वळवलं. मुलांच्या नाटुकल्यातले म्हसोबा आणि दगडोबा हे शब्द मी स्वतः, समितीच्या सूचनेवरून, बदलून दिले.

पुढच्या जूनमध्ये आमच्या शाळेत एक नवीन शिक्षिका बदलून आल्या. त्या यवतमाळच्या, सुशिक्षित घरातल्या, बोलायला अतिशय मृदू. जिनिंगवाल्याच्या गोदामासमोर त्यांना खोली मिळाली होती. शाळेचा फॉर्म भरताना पत्त्याच्या रकान्यापाशी त्या थबकल्या. स्टँडवर ऐकलेलं नाव त्यांनी पेन्सिलीनं हलकेच लिहिलं, आणि कागद माझ्याकडे सरकवून विचारलं, "सर, तुमचा विषय मराठी ना? यात वेलांटी पहिली की दुसरी?"