कडकमावशी आणि सासूबाईंचं स्टूल

रविवार, ९ मार्च. हवा कोरडी. आठच्या मिस्सेला गेले. फादरांचं प्रवचन कष्टकऱ्यांच्या प्रतिष्ठेवर. चांगलं होतं, पण लांबलं. लाँड्रीतल्या बायका मिस्साभर उभ्या होत्या, एकदाही बसल्या नाहीत. भाऊजी चहाला आले. ते पहिल्या बाकावर असतात, त्यामुळे त्यांना मागचं काही दिसलं नव्हतं. मीही विषय काढला नाही. वरच्या फळीवरून साखरेचा डबा काढताना स्टूल डगमगलं. पाय बघायला हवा.

शाळेत आमच्या सिस्टर सांगत, रोजनिशीत घडलेलं लिहावं, रडगाणं लिहू नये. त्यामुळे त्या दिवसाची नोंद एवढीच आहे. त्यामागे जे होतं, ते आता सवडीने लिहिते, कारण ज्या बाईमुळे ते घडलं तिच्यावर कुणीतरी चार पानं लिहायलाच हवीत.

तिला सगळे कडकमावशी म्हणत. तिने इस्त्री केलेली चादर टेबलावर ठेवली तर कडेला पत्र्यासारखी उभी राहायची. स्वभावही तसाच होता, असं लाँड्रीचा मुकादम म्हणायचा. बायका म्हणायच्या, स्वभाव मऊ आहे, फक्त घडी कडक आहे. अंगाने बारीक, उंचीने माझ्या खांद्याला लागेल एवढी. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. बहिणीची मुलगी लहानपणापासून सांभाळली, शिकवली, लग्न करून दिलं. इस्त्री तापली की नाही हे ती बोटाला थुंकी लावून बघायची. हॉटेलवाल्या गिऱ्हाइकांना हे कळू नये म्हणून मुकादम दार लोटून घ्यायचा.

घड्याळाकडे ती बघत नसे, वेळ प्रार्थनांवर मोजायची. उशीच्या अभ्र्याला एक ‘नमो मरिये’, चादरीला तीन, मेजपोसाला अख्खा विश्वासांगीकार. ओठ हलत राहायचे आणि हात त्याच्या तालावर. नव्या मुलींनाही तिने हेच शिकवलं होतं. एकदा एकीने घाईघाईत प्रार्थना म्हटली आणि अभ्र्याला सुरकुती राहिली, तेव्हा मावशी म्हणाली, “देवाला फसवलंस तर चालेल, तो क्षमा करतो. हॉटेलवाला करत नाही.”

लाँड्री माझ्या धाकट्या दिरांची. सुरुवात सासूबाईंनी केली होती, परसात एक टब आणि एक कोळशाची इस्त्री एवढ्यावर. भाऊजींनी तिचा कारखाना केला. वाफेची यंत्रं आली, इस्त्रीची लांब टेबलं आली. भाऊजी माणूस वाईट नव्हते. पगार वेळेवर, सणाला कापड, चर्चमध्ये पुढे होऊन देणगी. पण एक नियम त्यांनी घातला होता, कामाच्या वेळेत इस्त्रीच्या टेबलापाशी कुणी बसायचं नाही. “बसलं की हात मंदावतो,” ते म्हणत. खोलीत बसण्यासारखी एकही वस्तू ठेवलेली नव्हती. सकाळी उभं राहायचं, जेवायला बाहेर पायरीवर टेकायचं, परत येऊन संध्याकाळपर्यंत उभं.

फेब्रुवारीत एक नवी मुलगी कामाला लागली होती. दिवस गेलेले, पण सांगितलं तर काम मिळणार नाही म्हणून पदर सैल सोडून यायची. एका दुपारी ती उभ्या उभ्या कोसळली आणि तिचा हात वाफेच्या यंत्राच्या तापलेल्या पट्टीवर पडला. मावशीने तिला ओढलं, पाणी घातलं, एक बादली उपडी करून तिच्यावर बसवलं. मुकादम आला, बादली बघितली, आणि पायाने ढकलली.

“नियम म्हणजे नियम,” तो म्हणाला.

मावशीने बादली पुन्हा आणून ठेवली आणि ती थेट भाऊजींच्या केबिनमध्ये गेली. आत काय झालं हे मला तिच्याकडूनही कळलं आणि भाऊजींकडूनही. दोघांचं सांगणं तंतोतंत जुळलं, हे विशेष.

“मालक, टेबलामागे स्टुलं हवीत.”

“तू कामाचं बघ. कारखाना मला चालवू दे.”

“कामाचंच बघतेय. पोरीचा हात भाजला.”

“तिने काळजी घ्यायला हवी होती. आणि तू मुकादमाला उलट बोललीस. त्याची माफी माग आणि जा टेबलावर.”

“बादलीची मागते. ती बिचारी विनाकारण लाथ खाऊन बसली.”

भाऊजींनी तिला त्याच दिवशी कामावरून काढलं.

भाऊजींनी त्याच वर्षी चर्चला नवे बाक दिले होते. सुंदर बाक, गुळगुळीत, पाठीला आधार, प्रत्येकावर पितळी पट्टी, तिच्यावर सासूबाईंचं नाव. रविवारी मावशी आली आणि बाकांच्या मागे, दाराजवळच्या टेबलापाशी उभी राहिली. सगळे बसले तेव्हा ती बसली नाही. तिच्यामागोमाग एकेक करून लाँड्रीच्या सगळ्याच बायका तिच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. त्या भाजलेल्या मुलीला मात्र मावशीने दामटून बसवलं होतं.

मिस्सा संपल्यावर अंगणात फादर तिच्याजवळ आले. आमचे फादर वयाने तरुण, मनाने सरळ, जरा घाबरट.

“मावशी, पाय दुखत असतील. बसला का नाहीत?”

“ज्यांनी बाक दिले, फादर, त्यांच्याकडे आम्हाला बसायची सवय नाही.”

मी शेजारीच होते. तोंडावर रुमाल धरावा लागला.

“तुम्ही त्यांना क्षमा करायला हवी,” फादर म्हणाले.

“केली ना. बुधवारीच केली. क्षमा माझ्या मनातली, ती मी दिली. स्टुलं त्यांच्या कारखान्यातली, ती त्यांनी द्यायची. दोन्ही एकमेकांच्या बदल्यात कशी चालतील?” मग आवाज खाली आणून तिने विचारलं, “फादर, देवाने सहा दिवस काम केलं आणि सातव्या दिवशी विसावा घेतला, हो ना? तो काय उभ्याउभ्याच विसावला?”

फादर मान हलवत आत गेले. पुढच्या रविवारी मात्र बायबलचं वाचन सुरू झालं, सगळे बसले, पण फादर आपल्या खुर्चीवर बसले नाहीत. वेदीजवळ हात जोडून उभे राहिले. मग आमच्या शेजारचे शिंपी उठले. मग शाळेच्या मुख्याध्यापिका. मग मी उठले. माझे गुडघे तेव्हाही कुरकुरायचे, पण उठले. भाऊजींनी आधी फादरांकडे पाहिलं, मग मान वळवून मागे, आणि तेव्हा त्यांना सगळं दिसलं.

त्या दिवशी ते चहाला आले तेच तणतणत. आमच्या घरी त्यांची जागा ठरलेली, स्वयंपाकघरात सासूबाईंचं जुनं लाकडी स्टूल. मधोमध झिजून खोलगट झालेलं. आमचे हे गेल्यापासून मी त्यावर चढूनच वरची फळी गाठायचे, पण रविवारी ते भाऊजींचं.

“वहिनी, तुम्हीसुद्धा? सगळं चर्च माझ्याविरुद्ध उठलं!”

“विरुद्ध नाही हो. नुसतं उठलं.”

“एका इस्त्रीवाल्या बाईसाठी!”

“साखर एक की दीड?”

“दीड. मी काय कुणाचे पगार बुडवले? कुणाला शिवी दिली? मग या सगळ्यांना माझ्याकडून हवंय काय?”

“स्टुलं,” मी म्हटलं. “तिने पहिल्याच दिवशी सांगितलंय.”

त्यांनी कप उचलला. चहा पिताना जरा हलले आणि स्टूल डगमगलं. त्यांनी खाली वाकून पाय पाहिला, अंगठ्याने खुंटी दाबली, आणि तसाच त्यांचा हात त्या खोलगट भागाच्या कडेवर राहिला.

“आई यावर बसूनच इस्त्री करायची,” ते म्हणाले. मी विचारलं नव्हतं.

“हो.”

“पण तिची गोष्ट वेगळी. ती मालकीण होती.”

“कसली मालकीण, भाऊजी? पाच घरची धुणी करायच्या त्या. तुम्ही टेबलाखाली झोपलेले असायचात.”

“हात मंदावला नाही तिचा कधी,” ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. अर्धा चहा तसाच ठेवून उठले. दारात थांबून म्हणाले, “पण आता मी नमतं घेतलं तर उद्या मुकादमाला कोण जुमानणार?” आणि गेले. मला वाटलं, मिळवलं ते पुन्हा गेलं. मावशीला ओळखीच्या कुणी दुसरीकडे काम दिलं नव्हतं. बहिणीची मुलगी तिला आपल्या गावी न्यायला आली होती. आणखी एक आठवडा गेला असता तर ती गेली असती, आणि बायकांची रांगही हळूहळू बसली असती.

मावशी भाचीला म्हणाली, “रविवारपर्यंत थांब. मिस्सा चुकवून प्रवास करायचा नाही.”

त्या रविवारी चर्च गच्च भरलं होतं. मावशी आपल्या जागी, बायका तिच्या शेजारी, मागे तिची बॅग भिंतीला टेकवलेली. आमच्याकडे मिस्सेच्या मध्यावर भाकर आणि द्राक्षारस मागच्या टेबलावरून वेदीपर्यंत नेतात. पुढे चालण्याचा मान कायम भाऊजींचा. ते बाकावरून उठले, मधल्या वाटेने मागे आले, भाकरीचं ताट उचललं. ते टेबल नेमकं मावशीच्या पुढ्यात. गायकांनी गाणं सुरू केलं.

भाऊजी वळले, एक पाऊल टाकलं, आणि थांबले. लहानपणी आम्हा सगळ्यांना शिकवलेलं असतं की अर्पण घेऊन जाताना कुणाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असं आठवलं, तर ते तिथंच ठेवायचं आणि आधी त्या माणसाकडे जायचं. आम्ही सगळे ते ऐकतो आणि ताट घेऊन पुढे जातो. आयुष्यात मी पहिल्यांदा एका माणसाला ते ताट खाली ठेवताना पाहिलं.

“मावशी,” ते म्हणाले, “तुमच्या मनात माझ्याविषयी काही आहे.”

आजवर ते तिला ‘तू’ म्हणत आले होते.

“आहे, मालक.”

“काय ते सांगा.”

“सांगितलंय. पुन्हा सांगते. प्रत्येक टेबलामागे स्टूल. माझं काम मला परत.”

“उद्या सकाळी. दोन्ही.” भाऊजींनी हात जोडले. “आणि माझी चूक झाली. मला…”

“मला नका सांगू,” मावशी म्हणाली. “माझं काय भाजलं? ती तिकडे बसलीय.”

भाऊजी बाकांच्या रांगेत शिरले. ती मुलगी घाबरून उठायला लागली. “बस, बस, उठू नकोस,” ते म्हणाले, आणि आजूबाजूचे काही लोक चक्क हसले, कारण त्यांच्या तोंडून ‘बस’ हा शब्द कुणी ऐकला नव्हता. तिच्यापुढे ते वाकले. काय बोलले ते ऐकू आलं नाही. तिचा पट्टी बांधलेला हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला होता, एवढं मला दिसलं.

इकडे गायकांचं गाणं संपलं. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून धरलं. तेही संपलं. फादर वेदीपाशी रिकाम्या हातांनी उभे, डोळे पुसत. तिसऱ्यांदा गाणं सुरू झालं तेव्हा सगळं चर्चच गायला लागलं, इतक्या मोठ्याने की बाहेरून जाणारे लोक दारात थांबले.

भाऊजी परत आले. मावशी म्हणाली, “आता न्या. देवाला किती वेळ थांबवायचं?”

“तुम्ही न्या ताट. मी द्राक्षारसाची सुरई घेतो.”

मावशीने पदराला हात पुसले आणि ताट उचललं. दोघं शेजारी शेजारी मधल्या वाटेने गेले, भाऊजी उंच आणि ती त्यांच्या कोपराएवढी, आणि ताट तिने चादर नेतात तसं सपाट, जराही न हलवता नेलं. फादरांच्या हाती दिलं, मागे वळली, आणि लाँड्रीच्या बायकांना हाताने खूण केली: बसा.

लोकांनी सरकून जागा केली आणि बायका बसल्या. सगळ्या एकदम, सासूबाईंच्या नावाच्या बाकांवर, हुश्श करून. मावशी भाऊजींच्या शेजारी पहिल्या बाकावर टेकली. आणि त्याच क्षणी फादर म्हणाले, “बंधुभगिनींनो, प्रार्थना करा,” म्हणजे सगळ्यांनी उठायचं. इतक्या दिवसांत मिस्सेचा क्रमच त्या विसरल्या होत्या.

“बसायला मिळालं तर लगेच उठा!” मावशी म्हणाली. तिला वाटलं हळू बोलली. चर्चभर हशा पिकला, फादरसुद्धा हसले, आणि आम्ही सगळे उठलो, या वेळी एकत्र.

सुतार एका रात्रीत एवढी स्टुलं करणार कुठून? भाऊजींनी सोमवारी सकाळी हातगाडी घेऊन घरोघर मागितली. शिंप्याने दोन दिली, शाळेने वर्गातली दिली, फादरांनी आपल्या स्वयंपाकघरातलं दिलं. हातगाडी भाऊजी स्वतः ढकलत होते आणि मुकादम बाजूने स्टुलं धरून चालला होता, तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. शेवटी ते माझ्या दारात आले. हातगाडी पायरीला लावली. मीच आतून सासूबाईंचं स्टूल आणलं. त्यांनी खिशातून पाचर काढून डगमगता पाय तिथंच पायरीवर ठोकून पक्का केला.

ते मावशीच्या टेबलामागे गेलं. मी बघायला गेले तर ती बसून इस्त्री करत होती, पाय जमिनीला टेकत नव्हते म्हणून खाली बादली उपडी घातलेली, तीच. ओठ हलत होते. अभ्र्याला एक ‘नमो मरिये’, चादरीला तीन. हात तसूभरही मंदावलेला नव्हता. भाऊजी दारातून बघत होते आणि बघतच राहिले. बहिणीची मुलगी बॅग घेऊन एकटीच गावी गेली, हसत हसत.

पुढे कितीतरी वर्षं ती त्या स्टुलावर बसली. ते परत मागायचं माझ्या कधी मनात आलं नाही. भाऊजी रविवारी चहाला आले की भिंतीला टेकून उभे राहायचे आणि म्हणायचे, “वहिनी, तुमच्याकडे बसायची सोय नाही हो.”

त्या सोमवारची माझी नोंद ही:

सोमवार, २४ मार्च. ऊन. लाँड्रीत स्टुलं आली. आपलं गेलं. वरच्या फळीला हात पुरत नाही. साखरेचा डबा खालच्या फळीवर ठेवला.