देवीचं पहिलं मीठ

धक्क्यावर लाँचच्या धुराचा भपकारा आला, की मला वडखळजवळचं आमचं खाडीकाठचं मिठागर आठवतं. मीठ ओढताना लाकडी फळी जरा खोल गेली, तर तळाचा चिखल वर येऊन मीठ काळवंडतं, म्हणून बाबा मला फळीला हात लावू देत नसत. त्या वर्षी आई आजारी होती, म्हणून देवीला वाहायचं हंगामाचं पहिलं मीठ ओढायला मी उतरले. दुसऱ्या दिवशी सकाळी ढिगावर करडं पुट दिसलं आणि बाबा भडकले, "चिखल काढलास गो! देवीचं मीठ नासवलंस." फळी मी हलकीच धरली होती. त्या दिवशी त्यांनी स्वतः मीठ ओढलं, पांढराशुभ्र ढीग लावला. सकाळी तोही करडा. बाबांनी मूठभर मीठ घमेल्यातल्या पाण्यात टाकलं. मीठ विरघळलं, चिखल तळाला बसलाच नाही, वर नुसती काळी तेलकट काजळी तरंगत राहिली. समोर खाडीत उधाणाच्या भरतीची वाट बघत एक मोठी मालवाहू बार्ज दोन रात्री इंजिन चालू ठेवून उभी होती आणि तिचा धूर वाऱ्याबरोबर थेट आमच्यावर येत होता. "ह्यो चिखल नाय गो," बाबा हळूच म्हणाले. देवीसाठी त्यांनी घरातलं गेल्या वर्षीचं मीठ वाटीत काढलं आणि ती वाटी देवीपुढे ठेवायला आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातात दिली. आता मी दुकानातलं पुड्यातलं मीठ आणते. तरीही बरणीत ओतण्याआधी चिमूटभर पाण्यात टाकून बघते.