अर्ध्यावरचं शटर

वहिनींचा फोन सकाळी आला. "भावजी, हे शटरखालून बाहेर येता येता खाली बसले, ते उठलेच नाहीत," एवढंच त्या बोलल्या. दत्तू गेला हे कळलं, पण डोळ्यांपुढे आलं ते गंगापूर रोडवरच्या त्याच्या गाळ्याचं शटर... कमरेइतकंच वर उचललेलं. महिना होऊन गेला, तरी ते तिथून हलत नाही.

आम्ही दोघं शेजारशेजारच्या फुलांच्या मळ्यांत वाढलो. त्याच्या वडिलांनी एका वर्षी थाटात रसवंती काढली होती. मांडव घातला, नारळ फोडला, सगळी भाऊबंदकी जेवायला बोलावली. उन्हाळा संपायच्या आत ती गुंडाळावी लागली. मग जन्मभर लग्नकार्यात त्यांची ओळख 'रसवाले' अशीच करून दिली जायची आणि मागे हशा पिकायचा. अगदी त्यांच्या दहाव्याला कुणीतरी म्हणालं, "रसवाले गेले बिचारे." दत्तू माझ्या शेजारीच बसला होता. त्यानं मान वर केली नाही.

नव्वदच्या दशकात सातपूरच्या कारखान्यातली नोकरी सोडून त्यानं कांदा निवडायचं यंत्र बनवलं. लहान, मध्यम, मोठा कांदा आपोआप वेगळा पडायचा. गड्याच्या हातात जादू होती! पण उद्घाटन नाही, पाटी नाही आणि शटर हे असं अर्धं. मी चिडवलं, "चोरीचा माल आहे का रे आत?" तो हसला नाही. "पूर्ण उघडलं की लोक म्हणणार, धंदा सुरू झाला. सुरूच नाही केला, तर बंद कसा पडेल?"

देवळ्याचे कांदा पिकवणारे भाऊसाहेब एकदा गोण्या आणि टेम्पो घेऊनच आले होते. यंत्र फिरताना बघून म्हणाले, "लय भारी चालतंय! काय कमी हाय याच्यात? चढवा टेम्पोत." दत्तूचा चेहरा पडला. "एक ट्रायल राहिलीय," तो पुटपुटला. पुढच्या हंगामात भाऊसाहेब पुन्हा आले, तेव्हाही ट्रायल राहिलीच होती. नंतर ते यायचे थांबले. काही वर्षांनी दुसऱ्या कुणाची तसली यंत्रं बाजारात आली. दत्तू मुद्दाम बघून आला. "त्यात कांद्याची साल निघते. माझ्यात निघत नाही." माझं डोकंच फिरलं. "मग दे ना बाहेर!" तो फडक्यानं यंत्र पुसायला लागला. "शेतात नेऊन अडलं तर? माझ्या पोरांना काय म्हणतील, यंत्रवाले?" एवढा हुशार माणूस स्वतःला कोंडून घेतो, आणि किल्लीही त्याच्याच खिशात असते, याचा मला अजून राग येतो. त्या शटरखालून जाऊन येऊन त्याची पाठ वाकली होती.

गेल्या आठवड्यात वहिनींनी देवळ्याला निरोप धाडला. भाऊसाहेब आता म्हातारे झालेत, तरी टेम्पो घेऊन आले. शटर गंजून जागीच धरलं होतं. चौघांनी पहारीनं उचकटून ते वर नेलं आणि यंत्रावर पहिल्यांदा ऊन पडलं. "इतक्या वर्षांनी चालेल का हो?" वहिनींनी भीत भीत विचारलं.

"नाय चाललं तर दुरुस्त करू. त्यात काय!" भाऊसाहेब म्हणाले.

इतकं साधं होतं ते. मला रडूच आलं.

टेम्पो गेला. शटर डोक्याच्या वर हातभर उंच, गाळा रिकामा. वहिनी चहाचा ट्रे घेऊन आल्या आणि आत शिरताना कमरेत वाकल्या. त्यांच्यामागून मीही वाकूनच आत गेलो.