तीन टिचक्या

प्रयोगशाळेत सगळे तिला मावशी म्हणत आणि तिच्या कामाची थट्टा करत. पगार घेऊन माशांची झोपमोड करायची, असलं काम कुणाच्या नशिबी येतं? बोटाच्या पेराएवढे पट्टेरी मासे, पण त्यांची झोप म्हणे पुष्कळशी माणसासारखी, म्हणून शिकलेली माणसं त्या झोपेचा अभ्यास करत. मावशीने पंधरा वर्षं डोळ्यांत तेल घालून टाक्या पाहिल्या होत्या. झोपलेला मासा तळाशी शेपूट टाकून पडतो, पण काचेवर तीन टिचक्या मारल्या की हलतो. पाण्यात औषध घातलं असेल तर हलत नाही. झोप वेगळी, गुंगी वेगळी, एवढं तिला कुणी शिकवावं लागत नव्हतं.

एका रविवारी दुपारी ती आईला बघायला भावाकडे गेली. आईला काही आठवत नसे. रात्रभर घरात फिरायची, दारं ठोठावायची. हल्ली मात्र, वहिनी म्हणाली, "अगदी गुणी बाळासारख्या झोपतात."

मावशी पलंगाशी बसली. सवयीने तिने लोखंडी कठड्यावर टिचकी मारली. मग दुसरी, तिसरी. मग मुठीने दणका. आईची पापणीही लवली नाही. मावशी भावाकडे वळली.

"काय देताय तिला?"

भाऊ वर बघेना. "गोळी. डॉक्टरांनी रात्रीची सांगितलीय. आम्ही दिवसाही देतो." मग त्याचा आवाज चढला. "सहा महिने डोळ्याला डोळा नाही, ताई. तू महिन्यातून एकदा येणार आणि शहाणपण शिकवणार. ने ना मग तुझ्याकडे."

तिच्याकडे खोली एक, माणसं चार. तिला भावाचा राग आला होता, पण तो खोटं बोलत नव्हता, आणि त्याचाच जास्त राग आला.

"दिवसाची तरी बंद कर," एवढंच ती म्हणाली. भावाने ऐकलं.

या खेपेला ती महिनाभर थांबली नाही. पुढच्याच रविवारी आली, कठड्यावर टिचकी मारली, आणि पहिल्याच टिचकीला आईने डोळे उघडले. लेकीला ओळखलंसुद्धा. मावशीला रडूच आलं.

"आलीस?" आईने तिचं मनगट घट्ट धरलं. "पिशवी भरून ठेवलीय. मला तुझ्या घरी घेऊन चल."

उशाशी खरंच पिशवी होती. आत एक टॉवेल, कंगवा आणि एकाच पायाची चप्पल.

मावशीने पिशवीकडे पाहिलं. दारात उभ्या असलेल्या भावाकडे मात्र तिला पाहवेना. तिने आईच्या कपाळावरून हात फिरवला.

"झोप हं आई," ती म्हणाली. "थोडा वेळ झोप."