कारण : मावशी

वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी मी पुन्हा परीक्षेला बसलो, ते काही ज्ञानाची भूक लागली म्हणून नाही. खुर्ची जायची वेळ आली होती म्हणून.

आमचं डेटा सेंटर म्हणजे लोखंडी कपाटांच्या रांगा. कपाटांत सर्व्हर, आणि सर्व्हरांत लोकांचे हिशेब, फोटो आणि भांडणं. हे सगळं सारखं तापतं, म्हणून फरशीखालून गार हवा सोडावी लागते. कुठे तापमान चढलं, वीज हलली, पाणी सांडलं, की अलार्म वाजतो. तो वाजतो त्या खोलीत मी बावीस वर्षं बसतोय. समोर तीन स्क्रीन, उजव्या हाताला माऊस, डाव्या हाताला चहा. लाल पट्टी दिसते, पीप पीप होतं, मी बटण दाबतो, पीप पीप थांबतं. लहानपणी मला पिकावरची पाखरं हाकायला बसवायचे, तेव्हा मी असाच डबा बडवत बसायचो. फरक एवढाच, की तिथे पाखरं खरंच उडायची.

मग वरून नियम आला. अलार्मच्या खुर्चीत बसणाऱ्याकडे अलार्म व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र पाहिजे. नसेल तर गोदामात जा आणि खोकी उचला. परीक्षेच्या दोनच संधी. पहिल्या संधीत मला शंभरात बावन्न पडले. पास व्हायला सत्तर लागतात. बावीस वर्षांच्या अनुभवाला बावन्न, म्हणजे वर्षाला अडीच मार्कसुद्धा नाहीत. पहिलाच प्रश्न होता, अलार्म वाजल्यावर सर्वांत आधी काय कराल? चार पर्यायांत पहिला होता, ‘आवाज बंद करेन’. मी पुढचे तीन वाचलेच नाहीत.

दुसऱ्या संधीसाठी मात्र कंबर कसली. पुस्तक साडेतीनशे पानांचं. घरातल्या एकुलत्या एका टेबलावर बायकोचं शिवणयंत्र असतं. अर्ध्या टेबलावर तिचे ब्लाउज, उरलेल्या अर्ध्यावर माझं पुस्तक.

“काय म्हणतंय पुस्तक?” तिने दोरा दाताने तोडत विचारलं.

“म्हणतंय, ज्या आवाजावर कोणी काही करणं अपेक्षित नाही, त्याला अलार्म म्हणू नये.”

“म्हणजे मी बोलते तो अलार्म नाही.”

“तुझं कुठे आलं यात?”

“अहो, मी बोलले की तुम्ही ‘हो’ म्हणता ना, ते तुमचं बटण. दाबलं की आवाज बंद.”

मी “हो” म्हणालो आणि पान उलटलं.

तेवढ्यात दारावर थापा पडल्या. तिची गिऱ्हाइकं थापाच मारतात, कारण आमची बेल बंद आहे. दमट हवेत ती आपोआप वाजायची, म्हणून एका दुपारी मी तिची वायर काढली आणि संध्याकाळी जोडतो म्हणालो. त्याला तीन वर्षं झाली. बेलचा विषय पुस्तकात नव्हता, त्यामुळे मी त्यावर डोकं चालवलं नाही.

तिसरं प्रकरण मला फार आवडलं. एखादा अलार्म उगाच वाजत असेल, तर त्याला काही वेळापुरतं गप्प करता येतं. आम्ही त्याला ‘फळीवर टाकणं’ म्हणतो. पण फळीवर टाकताना तीन गोष्टी लिहायच्या असतात. कारण काय, कधीपर्यंत, आणि जबाबदारी कोणाची. हे मी इतकं घोकलं, की आंघोळ करतानाही म्हणायचो. बायकोला न्हाणीघराबाहेरून पाठ झालं.

परीक्षेत सत्तर मार्क लेखी आणि तीस प्रात्यक्षिकाचे. प्रात्यक्षिक सोपं वाटत होतं. आपल्या कामाच्या ठिकाणी फळीवर पडलेले अलार्म शोधायचे आणि प्रत्येकाचं काय केलं, त्याचा अहवाल सहीनिशी जोडायचा. मी सकाळच्या शिफ्टला यादी उघडली. वाटलं होतं, तरुण पोरांची घाण सापडेल, चार शहाणपणाच्या गोष्टी लिहू.

यादीत सर्वांत वर, सर्वांत जुनी नोंद होती. चार नंबरच्या थंड हवेच्या यंत्रासमोरचा, फरशीखालचा पाण्याचा सेन्सर. फळीवर पडून सहा वर्षं. कधीपर्यंत? ‘नंतर बघू’. जबाबदारी? माझं नाव. कारण? एकच शब्द : ‘मावशी’.

मला दरदरून घाम फुटला, तोही अठरा अंश तापमानात.

सगळं आठवलं. तो सेन्सर रोज बोंबलायचा. सफाईवाल्या मावशी तिथे ओलं फडकं मारतात असं मी ठरवून टाकलं आणि सगळ्यांसमोर त्यांना झापलं. त्या म्हणाल्या होत्या, “तिथे मी कोरडाच झाडू मारते, दादा. पाणी माझं नाही.” मी त्यांनाही “हो” म्हणालो होतो.

अलार्म फळीवरून काढला. दुसऱ्या क्षणाला पीप पीप. बोट बटणाकडे निघालंच होतं, ते मी दुसऱ्या हाताने धरलं आणि एसीच्या मेकॅनिकला बोलावलं. त्याला सगळे थंड्या म्हणतात. आग लागली तरी तो आधी चप्पल सरळ करेल.

थंड्याने रबरी कप चिकटवून फरशीचा सुटा चौकोन उचलला. खाली पाण्याचं थारोळं. यंत्राच्या पाइपला जोडापाशी बारीक पाझर होता. पाणी ठिबकायचं, गार हवेवर अर्धं सुकायचं, पुन्हा ठिबकायचं. त्याभोवती पांढऱ्या क्षाराची वर्तुळं साचली होती, आणि विजेच्या केबल चारच बोटं वर होत्या.

थंड्या उकिडवा बसून वर्तुळं बघत राहिला. “हे आजचं नाही.”

“नाही.”

“कालचंही नाही.”

“पाइप बघ ना बाबा आधी.”

“बघतो. सेन्सर तेवढा शहाणा निघाला हं तुमच्यात.”

अर्ध्या तासात जोड आवळून झाला, पाणी पुसलं, सेन्सर गप्प झाला. या वेळी स्वतःहून. राहिला माझा अहवाल. आमच्या मॅडम वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांना पहिल्या दिवशी फरशी कशी उचलायची ते मीच शिकवलं होतं. त्या म्हणाल्या, “काका, ‘सेन्सर खराब होता’ असं लिहा. सगळे तेच लिहितात. तुमची शेवटची संधी आहे, गोदामात जायचंय का?”

मला ते पटलं. तसं लिहूनही काढलं, छान अक्षरात. पण जेवायच्या सुट्टीत कँटीनमध्ये गेलो, तर थंड्या पाव खाता खाता सगळ्यांना वर्तुळांचा आकार हाताने दाखवत होता. सुरक्षारक्षकसुद्धा मला विचारू लागला, “मावशींचंच खरं होतं, कळलं का?” आता खोटं लिहायला जागाच उरली नव्हती. तेव्हा मी मोठ्या मनाने कागद फाडला आणि खरं लिहिलं. पाइप गळत होता, सेन्सर बरोबर होता, मावशी बरोबर होत्या, चूक माझी. मावशी निवृत्त होऊन चार वर्षं झाली आहेत. त्यांचा पत्ता कार्यालयात कोणाकडेच निघाला नाही.

महिन्याने निकाल लागला. लेखी पंचेचाळीस, प्रात्यक्षिक सव्वीस. एकूण एकाहत्तर. अहवालाखाली परीक्षकाने शेरा मारला होता, ‘कृती योग्य. विलंब : सहा वर्षे.’ मॅडम म्हणाल्या, “काका, वाचलात. पण मूळ प्रमाणपत्र सोमवारी सकाळी माझ्या टेबलावर हवं. प्रमाणपत्रवाल्यांची यादी वर जाणार आहे. नाव राहिलं तर मला काही करता येणार नाही.” ते कुरियरने शनिवारी येणार होतं.

शनिवारी सकाळपासून मी घरीच होतो. दाढी केली, स्वच्छ शर्ट घातला, दाराकडे तोंड करून बसलो. बायकोचं यंत्र धडधडत होतं. साडेचारला तिने उठून दार उघडलं, तेव्हा उंबऱ्यावर तिला एक चिठ्ठी दिसली.

तिने ती वाचली, मग मला ऐकू जाईल अशी पुन्हा वाचली. “‘बेल दोनदा वाजवली. दार उघडले नाही. पाकीट परत नेले.’”

मी चिठ्ठी हातात घेतली. खाली लिहिलं होतं, कार्यालय पाचपर्यंत, रविवारी बंद.

घरातल्या चपलांतच पळालो. पाचला सात मिनिटं असताना कुरियरच्या खिडकीत तोंड घातलं. कारकुनाने पाकीट शोधलं, पाठवणाऱ्याचं नाव मोठ्याने वाचलं, “अलार्म व्यवस्थापन परीक्षा मंडळ.” मग मला विचारलं, “घरी कोणी नव्हतं का?”

“होतो ना.”

“मग बेल ऐकू आली नाही?”

“सही कुठे करू?” मी म्हणालो.

पाकीट छातीशी धरून घरी आलो. दार लोटलेलं होतं. बेलच्या बटणावर बायकोने ब्लाउजच्या मापाची चिठ्ठी टाचणीने लावली होती. मापं खोडून त्याखाली लिहिलं होतं :

‘बेल बंद. कारण : नवरा. कधीपर्यंत : आज. जबाबदारी :’

पुढची जागा कोरी होती. मी खिशातलं पेन काढून तिथे सही केली आणि स्टूल आणायला आत गेलो.