कलशाखालचा ओटा

माझा धंदा काय, हे लोकांना एका दमात सांगता येत नाही. भाड्याचं घर कुणी घेताना आणि सोडताना मी तिथे जाते. पंखे, नळ, कड्या, फरश्या तपासून यादी करते, फोटो काढते आणि घरमालक-भाडेकरू दोघांच्याही सह्या घेते. साताऱ्यात मी हे सुरू केलं तेव्हा नातेवाइकांनी तोंडावर हसून घेतलं. दुसऱ्यांच्या घरातल्या कड्या मोजायला बाईमाणूस कशाला हवं, म्हणाले. हसू द्या. कड्या मी आजही मोजते.

हे शिकले वडिलांकडून. ते फौजेत स्टोअर सांभाळायचे. चार्ज घेताना एकेका ब्लँकेटला हात लावल्याशिवाय सही करायचे नाहीत. "कागुद बघून मोजू नगं, हात लावून मोज," हे मी लहानपणापासून ऐकत आले. पुढे एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये मी तेच केलं, आणि कारखान्याने माणसं कमी केली तेव्हा तेवढी एकच विद्या घेऊन बाहेर पडले.

पहिलं काम दिलं वडिलांच्या फौजेतल्या मित्राने. निवृत्त सुभेदार, मिशी अजून ताठ. एमआयडीसीजवळ त्यांची एक अख्खी इमारत भाड्याने जाते. मी त्यांना काका म्हणते. माझं निम्मं काम त्यांच्याच खोल्यांचं होतं, आणि ते चारचौघांत माझं कौतुकही करायचे.

त्यांच्या एका खोलीत पाटणकडची एक मुलगी राहायला आली. दवाखान्यात नर्स, पहिल्यांदाच एकटी घर करणारी. ती आली त्या सकाळी काकांनी स्वतः ओट्यावर पाट ठेवून कलश मांडला. शेजारच्या शेगडीवर तिने दूध तापवलं, रीतीप्रमाणे ते उतू घालवलं, हात जोडले आणि मला म्हणाली, "ताई, आईला पाठवाया एक फोटू काढा की." मी काढला. मग यादी लिहायला बसले. ओट्यावर पूजा मांडलेली. कलश हलवायचा कसा? माझा हात पुढे झालाच नाही. वरवर नजर टाकली आणि लिहून टाकलं, 'ओटा : सुस्थितीत.' खाली सही केली.

अकरा महिन्यांनी तिला सांगलीत नोकरी लागली. सामान टेम्पोत चढलं होतं. सांगलीतली खोली इथलं डिपॉझिट हातात पडल्यावरच मिळणार होती, तेही त्याच दिवशी. मी शेवटची तपासणी करत ओट्यापाशी आले आणि थांबले. कडाप्प्याला, त्या दिवशी पाट मांडला होता नेमक्या त्याच जागी, आरपार तडा गेला होता.

काकांनी माझीच यादी काढून माझ्यापुढे धरली. "बघ. येताना सुस्थितीत. वरवंटा आपटला असंल हिनं. आता सगळा ओटा बदलावा लागतोय. डिपॉझिट इसरायचं."

मुलीचा चेहरा पांढराफटक पडला. "म्या काय आपटलं न्हाई ओ ताई. पयल्या दिशी सांजंला कलश उचलला तवाच तडा दिसला हुता."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं, तुमच्या कागदात लिवलंच असंल."

हे वाक्य मला कानाखाली बसल्यासारखं लागलं. तिने माझ्या कागदावर विश्वास ठेवला होता, आणि तो कागद खोटा होता. तो खोटा मीच लिहिला होता.

मी मोबाईलमधला तो जुना फोटो शोधला. मुलगी हात जोडून हसते आहे, शेगडीवरून दूध ओघळून पाटाखाली गेलं आहे. ओट्याची पुढची कड कोरडी ठणठणीत. आणि खाली, लाल सिलिंडरच्या खांद्यावर, पांढरा ओघळ. मी फोटो काकांपुढे धरला.

"गॅसच्या नळीच्या भोकातनं गेलं असंल," ते म्हणाले.

नळीचं भोक पार भिंतीच्या कोपऱ्यात होतं. मी वाद घातला नाही. सिलिंडर अजून जागेवरच होता. तांब्याभर पाणी घेतलं आणि तड्यावर हळूहळू ओतलं. पाणी वरून नाहीसं झालं आणि सिलिंडरच्या त्याच खांद्यावर टपटप पडू लागलं.

काकांनी वाकून ओल्या सिलिंडरवरून बोट फिरवलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "पोरी, सही तुझी हाय. आज तूच आपला कागुद खोटा म्हणलीस, तर उद्या तुला काम कोण दील? तिचं ती बघून घील. तू कशाला मधी पडतीस?"

मला भीती वाटली, नाही कशाला म्हणू? निम्मं काम डोळ्यांसमोर जाताना दिसत होतं. पण त्याहून जास्त राग आला होता, आणि त्यातला बराचसा माझा माझ्यावरच होता.

"आवं काका, सही माझी हाय, म्हणूनच खोडणार," मी म्हणाले. ती ओळ त्यांच्यासमोर खोडली आणि खाली लिहिलं : 'तडा पहिल्या दिवसापासून होता. मी कलश उचलून पाहिलं नाही. चूक माझी.' परत सही केली आणि कागद त्यांच्या हातात दिला.

काकांनी डिपॉझिट दिलं. माझ्याकडे न बघता दिलं. टेम्पो सांगलीला गेला, आणि त्याच आठवड्यात काकांच्या इमारतीचं सगळं काम माझ्याकडून गेलं. त्यांना तडा आधीपासून ठाऊक होता की नव्हता, मी विचारलं नाही. विचारणारही नाही.

वडील मात्र चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आयुष्यभराचा मित्र दुखावला होता. पाचव्या दिवशी जेवताना म्हणाले, "कागदावर चूक कुणाची लिवलीस?"

"माझी."

"मग वाढ भाकरी."

काम परत जमवायला वर्ष गेलं. आता नव्या घरात कलश मांडलेला असला, की मी चपला बाहेर काढते, कलशाला नमस्कार करते आणि दोन्ही हातांनी तो उचलून बाजूला ठेवते. कुणी म्हातारी ओरडते, कुणी मालक तोंड वाकडं करतो, एकाने तर मला घराबाहेर काढलं. काढा. परत बोलावलंत तरी मी आधी कलशच उचलीन.